मूलद्रव्यांचा हिशेब

(नागपूर येथें रामदासपेठेंत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें व्याख्यान)



आज मी रसायनशास्त्रावर बोलणार आहें, हें ऐकून कांहींच्या मनांत आलें असेल कीं, हें शास्त्र कॉलेजांतल्या पोरांचें. नांगर धरणाऱ्यानें आणि भाता ओढणाऱ्यानें तें ऐकून करायचें काय? माझें म्हणणें उलट आहे. लोहार, तांबट, कासार, सोनार, रंगारी हे पिढ्यान्‌पिढ्या पदार्थांचे गुण ओळखूनच पोट भरीत आले. गाडीच्या चाकाला धाव बसवितांना लोहार ती आधीं तापवितो. लोखंड तापलें म्हणजे वाढतें आणि निवलें म्हणजे आकसून लांकडाला घट्ट आवळतें, हें त्याला कोणीं पोथींतून शिकविलें नाहीं. उणीव एवढीच राहिली कीं, ज्यांच्या हातांत धातु होता त्यांच्या हातांत पुस्तक येऊं दिलें नाहीं, आणि ज्यांच्या हातांत पुस्तक होतें त्यांनीं भट्टीला हात लाविला नाहीं.

पृथ्वी, आप, तेज, वायु, आकाश या पंचमहाभूतांची सृष्टि बनली, असें आपण ऐकत आलों. आतां हें तपासून पाहूं. पाण्यांतून विजेचा प्रवाह सोडला तर हायड्रोजन व प्राणवायु असे दोन वायु निघतात. तेव्हां पाणी मूळ पदार्थ नव्हे. हवा हें मिश्रण आहे. तिच्यांत सुमारें ७८ टक्के नत्रवायु व २१ टक्के प्राणवायु असतो. माती तर अनेक पदार्थांची खिचडी. आणि अग्नि हा पदार्थच नव्हे, ती जळण्याची क्रिया आहे. ज्याचें रसायनक्रियेनें आणखी पृथक्करण होत नाहीं, तें मूलद्रव्य. फ्रान्सच्या लव्हाझिए यानें १७८९ सालीं अशा ३३ पदार्थांची यादी छापली. तिच्यांतले कांहीं पुढें वगळावे लागले, पुष्कळ नवे सांपडले, आणि आज ११८ मूलद्रव्यें ठाऊक आहेत. लोखंड, तांबें, सोनें, कथील, जस्त, गंधक, पारा हीं सारीं मूलद्रव्यें. पितळ मात्र नव्हे. तें तांबें व जस्त यांचें. कांसें तांबें व कथील यांचें.

एका मूलद्रव्याचा दुसऱ्याशीं संयोग झाला म्हणजे गुण पार पालटतात. सोडियम हा धातु पाण्यावर टाकला तर पेट घेतो. क्लोरिन हा वायु विषारी आहे. या दोहोंच्या संयोगानें झालेलें मीठ आपण रोज भाकरीबरोबर खातों. पण गुण पालटले तरी आंतील मूलद्रव्यें तींच राहतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूच्या गर्भांत प्रोटॉन नांवाच्या कणांची संख्या ठरलेली असते. लोखंडाची २६, तांब्याची २९, सोन्याची ७९. भट्टीची आंच, तेजाब किंवा मंत्र, कशानेंही २९ चे ७९ होत नाहींत. म्हणून तांब्याचें सोनें करून देतों म्हणणारा कोणत्याही वेषांत येवो, तो ठक समजावा.

आजच्या बोलण्याचें सार एका प्रश्नांत आहे. भट्टींत, चुलींत किंवा शेतांत मूलद्रव्य नवें होत नाहीं आणि नाहींसेंही होत नाहीं. तें फक्त जागा बदलतें. तेव्हां जेथें कांहीं कमी झालेलें दिसेल तेथें विचारावें : गेलें कोठें?

दागिने उजळून देतों म्हणून दारावर माणूस येतो. पाटल्या पाण्यांत बुडवितो आणि झळझळीत करून परत देतो. तें साधें पाणी नसतें. शोऱ्याचें व मिठाचें अशीं दोन तेजाबें एकत्र केलीं म्हणजे त्यांत सोनें विरघळतें. सोनें नष्ट झालें नाहीं. तें त्याच्या भांड्यांत बसून त्याच्या घरीं गेलें. आयाबहिणींनो, दागिना उजळायचा तर ओळखीच्या सोनाराकडे, आधीं व नंतर वजन करून.

पितळी भांड्यांत ताक ठेविलें तर तें कळकतें. आंबटानें तांब्याचा अंश ताकांत उतरतो, आणि तें पोटांत गेलें म्हणजे मळमळ व ओकारी होते. कल्हईवाला नवसागरानें भांडें निर्मळ करून कथलाचा पातळ थर देतो, तो आंबट आणि पितळ यांच्यामध्यें उभा राहतो. कल्हईचे पैसे वांचविणें म्हणजे तांबें पोटांत घालणें होय.

आतां शेत. पऱ्हाटी धुऱ्यावर जाळली तर तिच्यांतील पालाश बराचसा राखेंत उरतो. नत्र मात्र धुराबरोबर हवेंत जातें. मग तेंच नत्र आपण दुकानांतून विकत आणतों. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यांत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. भाव पोत्याचा नव्हे, या २०.७ किलोचा आहे. तेवढें तरी मिळतें कीं नाहीं? चिमूटभर युरिया पाण्यांत टाकावा. शुद्ध असेल तर तो पूर्ण विरघळतो आणि पाणी गार लागतें. दुसरी चिमूट जुन्या लोखंडी पळींत, उघड्यावर, वाफ नाकांत न घेतां जोरानें तापवावी. शुद्ध युरिया वितळून उडून जातो, मागें कांहीं उरत नाहीं. उरलें तर भेसळीचा संशय घ्यावा, पोतें शिवून ठेवावें, पावती जपावी आणि कृषि अधिकाऱ्याकडे जावें. पळी पुन्हा स्वयंपाकांत वापरूं नये.

शेवटीं आपल्याच मुलखांतल्या एका मूलद्रव्याची गोष्ट. रामटेक तालुक्यांत मनसर व कांद्री, सावनेर तालुक्यांत गुमगांव, आणि भंडारा जिल्ह्यांत तुमसरकडे डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. प्रोटॉन २५, लोखंडाचा शेजारी. पोलाद गाळतांना तें घातलें म्हणजे तें गंधकाला धरून ठेवतें. नाहींतर तापलेलें पोलाद ठोकतांना तडकतें. १८८२ सालीं इंग्लंडांत हॅडफील्ड यानें सुमारें १२ टक्के मँगनीजचें पोलाद केलें. तें जितकें ठोकावें तितकें पृष्ठभागावर कठीण होतें; म्हणून रूळ जेथें एकमेकांस छेदतात तेथें तें घालतात. डोंगरी बुजुर्गचें खनिज विजेरीच्या कोरड्या सेलांतही जातें.

१९०० सालाच्या सुमारास येथें खाणकाम सुरू झालें. आपल्या बायाबापड्यांनीं टोपल्यांनीं काळा दगड वाहिला. बहुतेक माल परदेशीं गेला. दगड कशाचा, हें ज्याला ठाऊक होतें त्याला त्याची किंमत मिळाली. ज्याला ठाऊक नव्हतें त्याला टोपलीची मजुरी मिळाली. मात्र याच धंद्यांत पैसा मिळविलेले कामठीचे डी. लक्ष्मीनारायण यांनीं आपली मोठी संपत्ति नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञान व रसायन शिकविण्यासाठीं मृत्युपत्रानें दिली. त्यांतून १९४२ सालीं लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था निघाली. २०२३ सालीं ती स्वतंत्र विद्यापीठ झाली. या रामदासपेठेहून अमरावती रस्त्यानें गेलें कीं ती लागते. जो दगड डोक्यावरून गेला, त्याचा कांहीं मोबदला विद्येच्या रूपानें येथें परत आला आहे. आतां दगड वाहणाऱ्यांचीं मुलें त्या दारांतून आंत जातात कीं नाहीं, एवढाच प्रश्न उरतो.

तो प्रश्न आपल्या घरांत सुटायचा आहे. दहावीनंतर विज्ञान आपल्याला झेपणार नाहीं, असें मुलाला सांगूं नका, आणि मुलीला तर मुळींच सांगूं नका. ज्या घरांत तीन पिढ्या भाता चालला, त्या घरच्या लेकराला धातूची भीति कसली? आज घरीं गेल्यावर कल्हईचें भांडें, खताचें पोतें आणि चुलींतली राख त्याच्यापुढें ठेवा आणि प्रत्येकाविषयीं विचारा : यांत काय आहे, किती आहे, आणि गेलें तें कोठें गेलें? उत्तर येईल न येईल. विचारण्याची संवय लागली कीं पुढचें पुस्तक तें आपण होऊन उघडील.