वादळानंतरचा किनारा

समुद्र पोटांत कांहीं ठेवीत नाहीं, घेतलेलें आज ना उद्यां बाहेर टाकतो, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ही समजूत बऱ्याच अंशीं खरी ठरलेला एक किनारा अमेरिकेंत आहे. त्याचीच हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. फ्लोरिडा प्रांताच्या पूर्वेस सिबॅस्टियनपासून फोर्ट पिअर्सपर्यंत वाळूची जी लांबच लांब पट्टी आहे, ती ज्या मुलुखांत मोडते त्याला तेथील लोक ‘ट्रेझर कोस्ट’, म्हणजे खजिन्याचा किनारा, असें म्हणतात. एरवीं हा किनारा चार किनाऱ्यांसारखाच. परंतु मोठें वादळ होऊन गेलें, कीं लांब दांड्याचीं यंत्रें हातांत घेऊन आणि कानांवर हेडफोन चढवून माणसें पाण्याच्या कडेनें हळूहळू चालूं लागतात. तीं वाळूंत धातु शोधीत असतात.

ह्या शोधाचें मूळ इ. स. १७१५ सालीं आहे. आपल्याकडे त्या वेळीं साताऱ्यास शाहू महाराज राज्य करीत होते आणि बाळाजी विश्वनाथांस पेशवाईचीं वस्त्रें मिळून दोन वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. तिकडे युरोपांत स्पेनचा खजिना दीर्घ युद्धानें रिता झाला होता, आणि अमेरिकेंतील खाणींतून येणाऱ्या चांदीसोन्याची तेथें चातकासारखी वाट पाहिली जात होती. २४ जुलै १७१५ रोजीं क्यूबांतील हवाना बंदरांतून बारा जहाजांचा ताफा निघाला. अकरा जहाजें स्पेनचीं व एक फ्रेंच. ३० जुलैच्या रात्रीं भयंकर वादळानें त्यांस गांठलें, आणि उजाडेपर्यंत अकराहि स्पॅनिश जहाजें फ्लोरिडाच्या उथळ किनाऱ्यावर आपटून फुटलीं. फ्रेंच जहाज तेवढें निभावलें. सुमारें एक हजार माणसें बुडालीं; एका तुकडीचा सेनापति उबिया हाहि त्यांतच गेला. वांचलेल्यांनीं किनाऱ्यावर तळ ठोकला. पुढील कांहीं वर्षें पाणबुडे लावून स्पेननें बराच माल वर काढला. उरलेला वाळूखालीं गेला, आणि कालांतरानें लोक ती जागाहि विसरून गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर किप वॅग्नर नांवाचा घरें बांधणारा एक ठेकेदार ह्या भागांत राहावयास आला. वादळानंतर किनाऱ्यावर काळपट, वेडेवांकडे धातूचे तुकडे मिळतात असें त्यानें ऐकलें, व पुढें ते त्यालाहि मिळाले. ते चांदीचे स्पॅनिश रियाल होते. ह्याच जातीचे रियाल युरोपीय व्यापारी कंपन्या आपल्या सुरतेस आणीत आणि तेथील टांकसाळींत त्यांचे रुपये पाडले जात. वॅग्नरनें नाणीं नीट निरखलीं, तेव्हां त्याच्या लक्षांत आलें कीं, एकाहि नाण्यावर १७१५ च्या पुढचें साल नाहीं. एवढ्या एका गोष्टीवरून त्यानें ताफ्याचा माग काढला. सैन्याच्या निकाली मालांतून पंधरा डॉलरांना घेतलेलें यंत्र घेऊन तो किनाऱ्यामागच्या उंचवट्यांवर फिरला, आणि जहाजाचे खिळे व तोफेचे गोळे लागतां लागतां वांचलेल्या लोकांच्या तळाची जागा त्याला सांपडली. त्या जागेवर आज संग्रहालय आहे. पुढें त्यानें सहकारी जमवून समुद्रांत शोध चालविला, आणि १९६५ च्या जानेवारींत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकानें ही हकीकत जगापुढें मांडली.

आतां ह्या यंत्राविषयीं थोडेंसें. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हां ती शरीरांत कोठें रुतली आहे हें शोधण्यासाठीं टेलिफोनचा जनक बेल यानें विजेचें एक साधन तयार केलें. परंतु पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनीं घोटाळा केला, आणि डॉक्टरांनीं शोधहि एकाच बाजूस घेऊं दिला. गोळी सांपडली नाहीं. पुढें महायुद्धांत कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानें जमिनींतील सुरुंग शोधणारें यंत्र बनविलें, आणि १९४२ सालीं एल् अलामेनच्या रणांगणावर त्यानें मोठी कामगिरी केली. माणसांचे प्राण वांचविणारें हें साधन शांततेच्या काळांत छंदाचें साधन झालें.

त्याचें तत्त्व सोपें आहे. दांड्याच्या टोकाशीं तारेचें वेटोळें असतें. त्यांतून बदलती वीज खेळविली, कीं भोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्या क्षेत्रांत धातु आली, कीं तिच्यांतहि विजेचे भोंवरे उठतात, आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र आवाजाच्या रूपानें ऐकवितें. समुद्रकांठीं मात्र एक अडचण येते. खारें पाणी स्वतःच वीजवाहक असल्यामुळें साधें यंत्र ओल्या वाळूवर उगीचच ओरडतें. म्हणून तेथें विजेचे ठोके देणारें यंत्र वापरतात. ठोका दिल्यावर तें क्षणभर थांबून ऐकतें. पाण्यांतील भोंवरे तेवढ्यांत विरतात, धातूंतील टिकून राहतात.

पण यंत्र हातीं असलें तरी वादळच कां हवें? वाळूचा कण पाण्याच्या अडीच पटींहून थोडा जड, चांदी साडेदहा पट आणि सोनें एकोणीस पट जड. वादळांतल्या उंच लाटा हलकी वाळू ओढून खोल पाण्यांत नेतात. जड वस्तु आपल्या जागेजवळच राहतात. ज्या थरावर एरवीं पुरुषभर वाळू असते, तो अशा वेळीं उघडा पडतो, आणि मागच्या टेकाडांस उभे कडे पडतात. २००४ च्या सप्टेंबरांत ‘फ्रान्सिस’ व ‘जीन’ हीं दोन वादळें तीन आठवड्यांच्या अंतरानें ह्याच किनाऱ्यावर जवळजवळ एका ठिकाणीं आदळलीं, तेव्हां सारा किनारा असाच खरवडून निघाला होता. समुद्र शांत झाला, कीं लहान लाटा तीच वाळू पुन्हां आणून टाकतात. म्हणजे हें पुस्तक उघडतें तें थोडेच दिवस.

आणि येथेंच खरा प्रश्न येतो. घाईघाईनें उपसलेलें नाणें कपाटांत पडतें. त्याची किंमत येते, पण त्याची हकीकत नाहींशी होते. वॅग्नरच्या आधीं ज्यांना नाणीं मिळालीं, त्यांनीं तीं कोठें मिळालीं व त्यांवर कोणतें साल होतें हें टिपलें असतें, तर तो तळ कितीतरी आधीं कळला असता. शिवाय ह्याच वाळूंत समुद्री कासवें अंडीं घालतात, आणि त्यांचा हंगाम वादळांच्या हंगामाशीं जुळतो. टेकाडांत खणणारा माणूस घरटींहि मोडतो आणि पुढच्या वादळापासून गांवाचें रक्षण करणारी भिंतहि पोखरतो.

म्हणूनच कायद्यांची गरज पडते. फ्लोरिडांत सरासरी भरतीच्या रेषेखालील तळ सरकारचा मानला जातो, आणि तेथील बुडालेलीं जहाजें परवान्यावांचून उकरतां येत नाहींत. इंग्लंडांत १९९६ च्या कायद्यानें खजिना मिळाल्यास चौदा दिवसांत वर्दी द्यावी लागते. १९९७ पासून साध्या वस्तूंचीहि ऐच्छिक नोंद होऊं लागली, आणि ती संख्या पंधरा लाखांपलीकडे गेली. त्यांतील पुष्कळशा वस्तु छंद म्हणून यंत्र फिरविणाऱ्या सामान्य माणसांनींच आणून दाखविलेल्या आहेत. आपल्याकडेहि १८७८ चा कायदा आहे. भूमींत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सांपडला, तर कलेक्टरांस कळवावें लागतें. लपविणाऱ्याचा वांटा बुडतो.

कायद्यापेक्षांहि एक गोष्ट मोठी आहे. वाळूंतून येणारी आंगठी किंवा सांखळी ही कोणाच्या तरी अंगावरची होती, आणि ज्या रात्रीं ती हरवली त्या रात्रीं हजार घरें उघडीं पडलीं. ह्या माणसांपैकीं बहुतेकांचीं नांवेंहि आपणांस ठाऊक नाहींत. त्यांच्याविषयीं जें कांहीं अजून कळण्यासारखें आहे, तें ह्या वस्तु कोठें, किती खोल आणि कशाशेजारीं मिळाल्या, त्यावरून कळणार. तेवढी नोंद करावयास यंत्र लागत नाहीं. एक वही आणि पेन्सिल पुरे होते.