काटोलच्या वाटेवरचीं शिलावर्तुळें

नागपुराहून काटोलच्या रस्त्यानें कळमेश्वराकडे निघालेल्या माणसाचें मन बहुधा गाडीच्या पुढें धांवत असतें. कळमेश्वर आलें कीं धापेवाडा जवळ, धापेवाड्याहून आदाशाची टेकडी दूर नाहीं, आणि दोन्हीं ठिकाणचें दर्शन घेऊन दिवेलागणीला घरीं परतावयाचें, असा त्याचा हिशेब ठरलेला असतो. हा हिशेब चुकीचा आहे असें कोण म्हणेल? धापेवाड्यास चंद्रभागेच्या कांठीं विठोबाचें देऊळ आहे. कोलबास्वामींच्या भक्तीनें तें क्षेत्र झालें. आषाढी पौर्णिमेला प्रत्यक्ष पंढरीचा विठोबा येथें येतो, अशी वऱ्हाड-नागपूरकडील वारकऱ्यांची श्रद्धा असल्यामुळें त्या दिवशीं नदीकांठ माणसांनीं फुलून जातो. आदाशाच्या टेकडीवर एकाच शिळेंतून घडविलेली, माणसाच्या दुप्पट उंचीची गणेशमूर्ति आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांत तिची गणना होते.

परंतु या यात्रेच्या आरंभींच, नागपूर मागें पडून फार तर अडीच-तीन कोस झाले नाहींत तोंच, जुनापाणीच्या शिवारांत जें आहे त्याकडे शंभरांतील एखादाच प्रवासी मान वळवून पाहतो. दिसावयास तेथें कांहींच नाहीं. शिखर नाहीं, कमान नाहीं, पायऱ्या नाहींत. उघड्या माळावर काळ्या दगडांचे मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले आहेत, एवढेंच. एक वर्तुळ झालें कीं थोड्या अंतरावर दुसरें, त्यापलीकडे तिसरें. अशीं सुमारें ३०० वर्तुळें या परिसरांत मोजलीं गेलीं आहेत. कित्येकांचा विस्तार एखाद्या प्रशस्त वाड्याच्या चौकाहून मोठा आहे.

हीं वर्तुळें म्हणजे थडगीं आहेत. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या सहस्रकांत या प्रदेशांत राहणाऱ्या लोकांनीं आपले मृत येथें ठेविले, त्यांच्याजवळ भांडीं व हत्यारें ठेविलीं, वर माती-मुरूम लोटला आणि भोंवतीं धोंड्यांचें कडें केलें. एकेक धोंडा हलविण्यास किती हात लागले असतील याची कल्पना तो पाहिल्यावांचून यावयाची नाहीं.

इंग्रजी अमदानींत रिव्हेट-कार्नाक नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें हीं वर्तुळें उकरून पाहिलीं आणि १८७९ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांचें वर्णन छापलें. त्याचें लक्ष विशेषेंकरून वेधलें तें धोंड्यांवर कोरलेल्या वाटीसारख्या लहान खळग्यांनीं. कांहीं धोंड्यांवर हे खळगे ओळीनें आहेत. असेच खळगे विलायतेंतील प्राचीन शिळांवर पाहून तो चकित झाला. या साम्यावरून त्यानें आणि त्याच्या काळच्या विद्वानांनीं बरेच तर्क लढविले; ते आतां कोणी धरून बसत नाहीं. खेड्यांतील लोकांचा तर्क मात्र अधिक गोड होता. पूर्वीं येथें गवळ्यांचे तळ पडत, त्या तळांचे हे दगड, असें ते सांगत.

पुढें १९६१-६२ मध्यें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीनें बी. के. थापर यांनीं जुनापाणीस शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. काळीं-तांबडीं भांडीं व लोखंडी हत्यारें मिळालीं. जवळच्याच माहुरझरीस नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनीं १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत खोदकाम केलें. तेथें माणसांबरोबर घोडे पुरलेले आढळले, आणि घोड्याच्या तोंडावर चढविण्याचें तांब्याचें भूषणही निघालें. मृत धन्याबरोबर त्याचा सजविलेला घोडा पाठविणारे हे लोक हातानेंही कसबी होते. नागपूर जिल्ह्यांतच नायकुंड येथें त्यांची लोखंड गाळण्याची भट्टी सांपडली आहे.

रामटेकास कोणी आग्रह करून पाठवावें लागत नाहीं. तेथें रामाचें देऊळ आहे, कालिदासाचें नांव आहे. नगरधनास वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन होती हें म. म. मिराशींनीं दाखवून दिल्यापासून सुशिक्षित मंडळी तिकडेही जाऊं लागली. जुनापाणीच्या माणसांनीं ना ताम्रपट ठेविला, ना काव्य. त्यांचें सारें चरित्र धोंडे कोणत्या जागीं आहेत एवढ्यावर अवलंबून आहे. अक्षर पुसटलें तर दुसऱ्या प्रतीवरून लावतां येतें. वर्तुळांतील दहा धोंडे कोणी जोत्याला नेले, नांगराला आड येतात म्हणून बांधावर लोटले, किंवा फोडून रस्त्यावर खडी म्हणून पसरले, तर कोणत्या प्रतीकडे पाहावयाचें? विदर्भांत कित्येक वर्तुळें याच रीतीनें नाहींशीं झालीं आहेत. यांत दुष्टावा कोणाचाच नसतो. शेतकऱ्याला दगड दिसतो. आणि सहलीला आलेल्या पदवीधराला तरी त्याहून निराळें काय दिसतें? तो त्यावर बसून संत्रीं सोलतो.

ज्यास खरोखर पाहावयाचें असेल त्यानें मार्गशीर्षापासून माघापर्यंत जावें. वैशाखांत हे धोंडे तव्यासारखे तापतात आणि पावसाळ्यांत गवतांत बुडतात. भर दुपारीं गेल्यास खळगे दिसतच नाहींत. उन्हें तिरपीं असतांना त्यांत सांवली सांठते, तेव्हां मुलेंदेखील ते बोटानें मोजूं शकतात. ते उठून दिसावेत म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरण्याची हौस कांहींना असते; ती टाळावी. आणि आठवण म्हणून खापराचा तुकडा खिशांत घालूं नये. खापर ज्या जागीं पडलें तेथून हललें कीं त्याचें बोलणें संपतें.

म्हणून कळमेश्वराकडे जाणाऱ्या कुटुंबानें आपल्या दिवसाचा क्रम थोडा फिरवावा. फराळाचा डबा मागाहून उघडावा, सूर्य वर येण्याच्या आंत जुनापाणीस उतरावें, आणि मग धापेवाडा व आदासा करावा. विठोबा आणि गणपति दिवसभर वाट पाहतील. सकाळचें तें ऊन तासाभरांत वर चढतें.