संडासात हवा कुठून येते?



एप्रिल सरत आला आहे. आता तुमच्यापैकी बरेच जण मुलांना घेऊन गावी जातील आणि घराला तीन-चार आठवडे कुलूप लागेल. परत आल्यावर दार उघडलं की घरभर गटाराचा वास कोंडलेला असतो. मग आपण खिडक्या उघडतो, फिनेल टाकतो, उदबत्ती लावतो. संध्याकाळपर्यंत वास जातो आणि फिनेलनं काम केलं असं आपल्याला वाटतं. काम केलेलं असतं फरशी धुताना मोरीच्या जाळीतून खाली गेलेल्या दोन तांबे पाण्यानं.

त्या जाळीखाली एक वाकडी वाट आहे. प्लंबर तिला नहाणी ट्रॅप म्हणतात. त्या वाकात साधारण पाच सेंटिमीटर उंचीचं पाणी कायम साचून राहतं. तुमचं घर आणि गावभराची मैलावाहिनी यांच्यामध्ये आडवं काही असेल तर ते एवढंच पाणी. कमोडच्या भांड्याखालीही हीच युक्ती आहे. लंडनचा घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यानं १७७५ साली अशा वाकाच्या संडासाचं पेटंट घेतलं. त्यानंतर भांड्यांचे आकार आणि रंग कितीतरी बदलले, पण वाकात पाणी अडवून वायू रोखायची कल्पना आजही तीच आहे. उन्हाळ्यात बंद घरात हे पाणी आटून जातं आणि वाट मोकळी होते. म्हणून गावी निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि वरून चमचाभर खोबरेल किंवा गोडेतेल सोडा. तेलाचा तवंग राहिला की पाणी फार सावकाश आटतं.

आजच्या विषयाकडे मी या जाळीपासून मुद्दाम आलो. संडासाचा वास म्हटलं की लोक थेट पंख्यावर येतात. पंख्याचं बोलण्याआधी वास कुठला आहे ते ठरवायला हवं, कारण संडासात वास दोन प्रकारचे असतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिला वास वापराचा. मैल्यातून इंडोल, स्कॅटोल आणि गंधकाची काही संयुगं हवेत येतात. ही द्रव्यं इतकी तीव्र असतात की अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतात. हा वास क्षणिक असतो. हवा बदलली की संपतो. दुसरा वास चोवीस तास असतो, रात्री सगळे झोपलेले असतानाही असतो. तो आटलेल्या ट्रॅपमधून येतो, भांड्याच्या बुडाशी निखळलेल्या सिमेंटमधून येतो, किंवा फरशीच्या सांध्यांत मुरलेल्या लघवीतून येतो. तिथले जीवाणू युरियाचा अमोनिया करत राहतात. या दुसऱ्या वासावर पंखा हा उपाय नाही. कित्येकदा पंखा तो वाढवतो, आणि आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

पंख्याच्या खोक्यावर बघा. सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरचा साधा एक्झॉस्ट फॅन ताशी दोनशे ते अडीचशे घनमीटर हवा ओढतो असं लिहिलेलं असतं. आपल्या फ्लॅटमधला संडास १.२ मीटर रुंद, १.५ मीटर लांब आणि २.४ मीटर उंच धरू. त्यात हवा मावते सव्वाचार घनमीटरच्या आसपास. म्हणजे हिशेबानं मिनिट-सव्वामिनिटात खोलीची सगळी हवा बदलायला हवी. मग पंखा दहा मिनिटं घरघरत राहतो आणि वास मात्र तिथंच, असं का होतं?

कारण बाहेर गेलेल्या हवेइतकीच हवा आत यावी लागते. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एक तेल पडायला आणि दुसरं हवा शिरायला. संडासाला आपण पंख्याचं भोक पाडतो आणि दुसरं बुजवून टाकतो. दार फुगू नये म्हणून खाली ग्रॅनाइटचा उंबरा घालतो, त्यावर दार घट्ट बसवतो, वर रबराची पट्टी लावतो. १५० मिलिमीटरच्या पंख्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटिमीटर आहे. दार ७५ सेंटिमीटर रुंद असेल तर त्याखाली अडीच सेंटिमीटरची फट ठेवल्यावर १८७ चौरस सेंटिमीटर वाट मिळते. सुताराला एवढंच सांगायचं, की खालून एक इंच सोड. किंवा दाराच्या खालच्या भागात झडपांची जाळी बसवून घ्यायची. ही वाट नसेल तर पंखा गप्प बसत नाही. जिथून मिळेल तिथून तो हवा ओढतो. ट्रॅप आटलेला असेल तर त्याला सर्वात सोपी वाट जाळीतून मिळते आणि तो गटाराचीच हवा घरात ओढून आणतो.

हे नुसतं तर्कानं सांगत नाही. २००३ साली हाँगकाँगमध्ये सार्सची साथ आली, तेव्हा कौलून भागातल्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली. सर्वात जास्त रुग्ण एकाच ३३ मजली इमारतीत होते, आणि त्यातही एकाखाली एक असलेल्या घरांमध्ये. मार्चच्या मध्याला तिथं एक आजारी पाहुणा येऊन गेला होता आणि त्याला जुलाब होत होते. तपासाअंती हाँगकाँगच्या आरोग्य खात्यानं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी बोट ठेवलं ते न्हाणीघराच्या जाळीवर. तिथले लोक फरशीवर पाणी ओतत नसत, ओल्या फडक्यानं पुसून घेत. त्यामुळे जाळीखालचे ट्रॅप कोरडे पडले होते. घरं लहान, न्हाणीघरं त्याहून लहान, आणि पंखे दमदार. दार लावून पंखा चालू केला की उभ्या मैलावाहिनीतले तुषार जाळीतून वर येत. पंखा ते इमारतीच्याच दोन बाजूंमधल्या अरुंद पोकळीत फेकत असे आणि तिथून ते वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत जात. अखेर त्या इमारतीतल्या रहिवाशांना सुट्टीच्या शिबिरांमध्ये नेऊन वेगळं ठेवावं लागलं.

या घटनेत पंखा नादुरुस्त नव्हता, त्यानं आपलं काम चोख केलं होतं. हवा कुठून यावी हे कुणी ठरवलेलं नव्हतं. आज आपल्याकडेही बादली आणि खराटा जाऊन मॉप आला आहे. पाहुण्यांसाठी ठेवलेलं दुसरं टॉयलेट महिनोन्‌महिने वापरलं जात नाही. म्हणून मी हात जोडून सांगतो, आठवड्यातून एकदा घरातल्या प्रत्येक जाळीत पाणी ओता.

आपल्या घरात हवा कशी वाहते ते पाहायला यंत्र लागत नाही. उद्या एक उदबत्ती पेटवा, संडासाचं दार लावा, पंखा चालू करा आणि बाहेरून ती दाराच्या फटीजवळ धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. मग आत जाऊन जाळीजवळ आणि भांड्याच्या बुडाशी धरा. तिथं धूर खालून वर ढकलला जात असेल तर आधी तिथलं पाणी आणि सांधे बघा. आता पंखा बंद करून त्याच्या तोंडाशी धरा. धूर आत येत असेल तर शेजाऱ्यांच्या संडासाची हवा तुमच्याकडे येते आहे आणि पंख्यामागे आपोआप मिटणारी झडप बसवायला हवी. शेवटी घरातल्या सगळ्या खिडक्या लावा, स्वयंपाकघरातली चिमणी पूर्ण वेगात सुरू करा आणि पुन्हा संडासाच्या दाराशी या. चिमणी ताशी हजार-बाराशे घनमीटर ओढणारी, संडासाचा पंखा दोनशेचा. एसीमुळे हल्ली खिडक्या घट्ट मिटतात, तेव्हा चिमणी जिंकते आणि संडासातली हवा स्वयंपाकघराकडे चालू लागते. फोडणी देताना मधूनच गटाराचा वास येतो अशी तक्रार लोक करतात, त्यामागे बहुधा हेच असतं. उपाय फुकटचा आहे, दिवाणखान्याची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची.

डांबरगोळ्या आणि सुगंधी वड्यांबद्दल फार बोलत नाही. त्या नाकाला दुसरीकडे वळवतात, हवा तीच राहते. तान्ही मुलं असलेल्या घरात डांबरगोळी ठेवूच नका. काही बाळांच्या रक्तात एका विकराची जन्मतः कमतरता असते आणि अशा बाळांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीतल्या नॅफ्थॅलिननं फुटतात.

आता गावाकडे येतो. तिथं पंखा नाही, पण वाऱ्याचं काम करणारी एक नळी आहे आणि ती फार विचारानं शोधलेली आहे. आजच्या झिंबाब्वेतल्या ब्लेअर संशोधन प्रयोगशाळेत पीटर मॉर्गन यांनी १९७० च्या दशकात खड्ड्याच्या संडासाला उभी नळी जोडली. नळीचं तोंड छपराच्या अर्धा मीटर वर असतं. त्यावरून वारा वाहिला की नळीतली हवा वर खेचली जाते, तिची जागा घ्यायला खोलीतली ताजी हवा भोकातून खाली खड्ड्यात जाते आणि वास खोलीत येतच नाही. नळीच्या तोंडाला जाळी असते. खोली अंधारी ठेवली की खड्ड्यातल्या माश्या नळीतून दिसणाऱ्या उजेडाकडे जातात आणि जाळीशी अडकून मरतात. मॉर्गन यांनी ७८ दिवस माश्या मोजल्या. नळी नसलेल्या संडासातून १३,९५३ माश्या निघाल्या, नळी असलेल्यातून १४६. वीज नाही आणि खर्च एका नळीचा!

आपल्याकडे दोन शोषखड्ड्यांच्या संडासाला मात्र अशी नळी लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. खड्ड्याच्या भिंती जाळीदार विटांच्या असतात, वायू मातीत जिरतात, आणि तीव्र उताराच्या भांड्याखालचं दोन सेंटिमीटर पाणी वास अडवतं. दीड-दोन लिटर पाण्यात भांडं स्वच्छ होतं. सेप्टिक टँकची गोष्ट वेगळी. ती बंद पेटी असते, आत वायू तयार होत राहतात, म्हणून तिला व्हेंट पाइप हवाच. तो किमान ५० मिलिमीटर व्यासाचा असावा, घराजवळची टाकी असेल तर छपराच्या वर दोन मीटर जावा आणि त्याच्या तोंडाला जाळी असावी. आपल्या गावांमधून हिंडताना मला हे पाइप खिडकीच्या उंचीवर तुटलेले दिसतात, किंवा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करताना कापून वर सिमेंट थापलेलं दिसतं. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला की तुमच्या भांड्यातलं पाणी गुडगुडतं का? तसं होत असेल तर गच्चीवर जाऊन व्हेंटचं तोंड पाहा. ते बंद असलं की खाली जाणारं पाणी तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं.

इथं आप्पासाहेब पटवर्धनांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाणं मला शक्य नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून या ब्राह्मण कैद्यानं उपोषण केलं आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडलं. पुढे कणकवलीच्या गोपुरीत आप्पासाहेबांनी स्वस्त आणि सोप्या संडासांचे प्रयोग केले. आपल्या वाड्यांच्या मागे टोपलीचे संडास होते आणि त्यामागे सफाईची गल्ली होती. घरातल्यांना वास येऊ नये ही व्यवस्था पक्की होती. तो वास कुणाच्या डोक्यावरून जात होता हे आप्पासाहेबांनी पाहिलं, आणि वासाचा प्रश्न त्यांनी रचनेनं सोडवायला घेतला.

तो वास आजही कुणाच्या तरी वाट्याला येतो. सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. अगदी थोडा असला तर तो सडक्या अंड्यासारखा वास देतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येणं थांबतं. उतरणाऱ्याला वाटतं की वायू निघून गेला. सुरक्षासाधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी सोसायटीच्या टाकीचं झाकण काढून माणसं आत उतरवली जातात. तुमच्या सोसायटीत असं होत असेल तर तिथंच थांबवा आणि उपसा करणारी गाडी बोलवा.

वास न येणारा आणखी एक वायू आपल्या घरात आहे. संडास आणि न्हाणीघर एकत्र असलेल्या खोलीत कित्येकांनी गॅस गिझर बसवलेला आहे आणि एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून ते निर्धास्त असतात. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवा आत यायला वाट नसताना पंखा लावला तर ज्योतीला पुरेशी हवा मिळत नाही, आणि जळका वायूही खोलीकडेच ओढला जाऊ शकतो. असा गिझर खोलीबाहेर, उघड्या हवेतच हवा. याबाबत तडजोड नको.

शेवटचा मुद्दा डक्टचा, म्हणजे संडासांच्या खिडक्या ज्यात उघडतात त्या उभ्या पोकळीचा, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार संडासाला उघड्या हवेत किमान ०.३७ चौरस मीटरची खिडकी असावी. खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर इमारतीच्या उंचीप्रमाणे डक्ट मोठा होत जायला हवा, १० मीटर उंचीला १.२ चौरस मीटर आणि ३० मीटरला ८. डक्ट वरून उघडा असेल तरच आतली कोमट हवा वर चढून जाते. पावसाची किंवा कबुतरांची तक्रार आली की सोसायट्या वर पत्रा ठोकतात आणि सगळ्या घरांचे संडास एकमेकांत उघडतात. पत्रा ठोकायचाच असेल तर तो भिंतीपासून चांगला हातभर उचलून, चारी बाजू मोकळ्या ठेवून ठोका.

नकाशा समोर येईल तेव्हा सगळ्यांचं लक्ष चटई क्षेत्रावर आणि पार्किंगवर असेल. तुम्ही त्यात संडासाचं चौकोनी घर शोधा. त्याची खिडकी कुठे उघडते ते विचारा. डक्टची लांबी-रुंदी लिहून मागा, तो वरून उघडा आहे का ते विचारा, व्हेंट पाइप गच्चीच्या वर किती जातो ते विचारा. आणि डक्टच्या तळाशी सफाईला जाणाऱ्या माणसाला ताठ उभं राहून आत जाता येईल असं दार नकाशात आहे का, तेही विचारा. नसेल तर ते काढून दाखवल्याशिवाय सही करू नका.