अनुदान : देणगी की येणे?

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी, कायद्याचा अभ्यासक नव्हे. तथापि वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने जमाखर्च थोडाफार कळतो. त्या दृष्टीने दिव्यांगांच्या अनुदानाविषयी बोलतो.

चिंचवडच्या माझ्या दुकानाचे काज-बटणाचे काम करणारे एक गृहस्थ पोलिओने अधू आहेत. त्यांचे संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मध्यंतरी पाच महिने थांबले. बँकखात्याला आधार जोडलेले नाही, हे कारण हेलपाटे घातल्यावर तोंडी कळले. लेखी सूचना नाही, सुनावणी नाही. चाकण-भोसरीच्या कारखान्यात प्रेस मशिनवर बोटे गमावलेल्या विमाधारक कामगारास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते. तेथे त्याचा व मालकाचा हप्ता जमा असतो. बालपणीच अधू झालेल्याने हप्ता कोठून भरावा?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याचे कलम २४ सांगते की, दिव्यांगांचे साहाय्य इतरांच्या तत्सम योजनेपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे. तरी २०२३ मध्ये अनुदान १,००० वरून १,५०० रुपये झाले तेव्हा विधवा भगिनी आणि दिव्यांग यांना एकच रक्कम ठरली. हिशेबाने १,८७५ व्हावयास हवे होते. पुढे आंदोलने झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २,५०० रुपये मंजूर झाले. शासनाचे त्याबद्दल अभिनंदनच केले पाहिजे. परंतु कलमातील ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ हे शब्द अजून तसेच आहेत. ‘जमल्यास देऊ’ असे लिहिलेली हुंडी आपल्यापैकी कोणी स्वीकारील काय?

दानाची परंपरा आपणांस नवी नाही. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने १९७५ पासून लाखो गरजूंना विनामूल्य कृत्रिम पाय व इतर साधने दिली. ते दान होय, आणि थोर दान होय. शासकीय अनुदान मात्र खतावणीत ‘येणे’ या बाजूला मांडावयाचे असते. म्हणून ते थांबविण्यापूर्वी लेखी नोटीस, उत्तरास मुदत आणि अपिलाची सोय कायद्यातच हवी. रक्कमही महागाईशी जोडलेली हवी. आपल्या समाजातील वकील व सनदी लेखापाल मंडळींनी असे निवेदन तयार करावे, ही माझी विनंती.

त्या गृहस्थांचे अनुदान पुन्हा सुरू झाले. थकलेल्या पाच महिन्यांचा अर्ज मीच लिहून दिला असून त्याची पोच माझ्या गल्ल्यात आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.