व्यसनप्रतिबंधाला अंदाजपत्रकात जागा हवी

स्नातकहो,

आज तुमच्या हाती पदवी येत आहे. तिच्यामागे तुमचे कष्ट आहेत, घरच्यांची ओढाताण आहे, शिक्षकांची मेहनत आहे. त्या सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन. दीक्षान्त समारंभात यशाबद्दल बोलण्याची रीत आहे. पण तुमच्याबरोबर प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेले सगळेच आज या सभागृहात नाहीत. कुणी पैशाअभावी शिक्षण सोडले, कुणाचे विषय राहिले, आणि कुणी दारू, गांजा किंवा गोळ्यांच्या नादी लागून मागे पडले. पहिल्या दोन कारणांची नोंद महाविद्यालयाच्या दप्तरी सापडते, तिसऱ्याची सहसा सापडत नाही. आणि ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी तरतूदही होत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांच्यासाठी असते तशी स्वतंत्र, कायमस्वरूपी आर्थिक तरतूद प्रत्येक महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात व्यसनप्रतिबंधासाठीही असली पाहिजे. ही मागणी भावनेपोटी नाही. ती कशावर उभी आहे, हे पदवीधरांच्या सभेत पुराव्यानिशीच मांडायला हवे.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दहा ते पंचाहत्तर या वयोगटात सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना तिच्यापायी मदतीची गरज भासावी इतका त्रास होतो, असे त्या पाहणीत आढळले. भांग, गांजा, चरस घेणाऱ्यांची संख्या सुमारे ३ कोटी १० लाख होती. सगळ्यात अस्वस्थ करणारा आकडा मात्र उपचारांचा आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी जेमतेम एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाले होते. उरलेल्या सदतीस जणांसाठी आपण पुरेशी उपचारकेंद्रे येत्या दोन-चार वर्षांत उभारू, अशी आशा धरणे कठीण आहे. म्हणून व्यसन जडण्याच्या आधीच काही करता येईल का, हा प्रश्न केवळ शहाणपणाचा राहत नाही, तो निकडीचा होतो. आणि तो विचारण्याची जागा महाविद्यालय हीच आहे. सतरा ते बावीस या वयात मुले-मुली बहुधा पहिल्यांदा घर सोडतात. वसतिगृहात किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहतात, हातात थोडा पैसा येतो, आणि मित्रांच्या कंपूत सामावून जाणे ही त्या काळातली सर्वात मोठी गरज असते. परिणामांचा अंदाज घेऊन मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत परिपक्व होत असतो. पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधीतरी तिच्या आहारी गेले, तर विशीत किंवा नंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास राहिले, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसले. लवकर सुरुवात हेच एकमेव कारण, असे यातून सिद्ध होत नाही. घरची परिस्थिती आणि स्वभाव यांचाही त्यात वाटा असतो. पण पहिला पेला जितका लांबेल तितका धोका कमी, एवढा व्यवहार्य निष्कर्ष त्यातून नक्की निघतो.

यावर आपण आज काय करतो? २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात व्यसनमुक्ती सप्ताह साजरा होतो. भित्तिपत्रके लागतात, प्रभातफेरी निघते, निबंधस्पर्धा होते, सभागृहात एक व्याख्यान होते, शपथ घेतली जाते आणि छायाचित्रे अहवालाला जोडली जातात. हे करणाऱ्या प्राध्यापकांच्या आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांच्या हेतूबद्दल शंका नाही. शंका परिणामाबद्दल आहे. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा शालेय कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस अधिकारी वर्गात येऊन अमली पदार्थांचे धोके सांगत. तो देशभर पसरला, त्यावर अमाप पैसा खर्च झाला, आणि संशोधकांनी तपासणी केली तेव्हा मुलांच्या वागण्यावर त्याचा टिकाऊ परिणाम जवळपास दिसला नाही. संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१८ साली व्यसनप्रतिबंधाची सुधारित मानके प्रसिद्ध केली. भीती दाखवणारी व्याख्याने आणि नुसती माहिती यांनी वागणूक बदलत नाही, हे तीही सांगतात. याचे कारण उघड आहे. दारू वाईट हे पिणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याच्यापाशी माहिती असते, आग्रह करणाऱ्या मित्राला नाही म्हणण्याचे बळ आणि मन मोकळे करायला एक भरवशाचे माणूस मात्र नसते.

मग उपयोगी काय पडते? सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी एक पद्धत विकसित केली. प्रशिक्षित समुपदेशक विद्यार्थ्याला दोनदा, सुमारे तासभर भेटतो. उपदेश करत नाही. विद्यार्थ्याने स्वतःच ठेवलेली पिण्याची नोंद त्याच्यासमोर मांडतो आणि बरोबरीची मुले प्रत्यक्षात किती पितात ते आकडे दाखवतो. ‘सगळेच पितात’ हा समज बहुतेक वेळा अतिशयोक्त असतो, आणि तो दुरुस्त झाला की वागणेही बदलते. चाचण्यांमध्ये या पद्धतीने पिणे आणि त्यापायी होणारे नुकसान दोन्ही कमी झाले. हे श्रीमंत देशालाच परवडते, असे कुणी म्हणेल तर उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जादा दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी एक ते चार बैठकांचे समुपदेशन राबवले. ते देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते, आणि नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. ती माणसे विद्यार्थी नव्हती, हे खरे. पण थोड्या खर्चात, आपल्याच मातीतल्या माणसांकडून हे काम होऊ शकते, हे त्यातून दिसते. आइसलँडने तर सगळ्या समाजाला कामाला लावले. तिथे १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी आदल्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यायल्याचे सांगितले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. दरवर्षी मुलांची पाहणी, पालकांचा सहभाग आणि खेळ, संगीत, नाटक यांसाठी सार्वजनिक पैसा, ही त्यांची साधने होती. या तिन्ही ठिकाणी समान काय आहे? तयार केलेली माणसे, दिलेला वेळ आणि वर्षानुवर्षांचे सातत्य. या तिन्ही गोष्टींना पगार लागतो. भित्तिपत्रकाला तो लागत नाही, म्हणूनच आपण भित्तिपत्रकावर थांबतो.

आता पैशाचा हिशेब मांडू. तीन हजार विद्यार्थ्यांचे महाविद्यालय घ्या. पूर्णवेळ समुपदेशकाला महिना ३५ हजार रुपये दिले तर वर्षाला ४ लाख २० हजार होतात. प्रशिक्षण, पाहणी आणि इतर खर्चासाठी ८० हजार धरले तरी बेरीज ५ लाखांवर थांबते. म्हणजे विद्यार्थ्यामागे वर्षाला १७० रुपयांहून कमी. हा भार विद्यार्थ्यांच्या शुल्कावर टाकण्याचीही गरज नाही. महाराष्ट्राला राज्य उत्पादन शुल्कातून वर्षाला २० हजार कोटींहून अधिक महसूल मिळतो आणि त्याचा मोठा स्रोत दारू आहे. २० हजार कोटींचा एक टक्का म्हणजे २०० कोटी. वर्षाला पाच लाखांप्रमाणे तेवढ्यात चार हजार महाविद्यालयांची सोय होते. हे स्वप्नरंजन नव्हे. थायलंडने २००१ साली कायदा करून दारू आणि तंबाखूवरील करावर २ टक्के अधिभार लावला आणि त्यातून आरोग्यसंवर्धनाचा स्वतंत्र निधी उभा केला. आपल्याकडेही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन राष्ट्रीय निधीची तरतूद आली. दातृत्वाची परंपराही आपल्याकडे आहे. ऐंशीच्या दशकात अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. त्या देणगीने असंख्य घरे सावरली. पण राज्यभरातल्या महाविद्यालयांचे दररोजचे काम देणगीवर चालणार नाही. त्याला हक्काचा निधी लागेल.

यावर पहिला आक्षेप असा की, हे काम कायद्याचे आणि पोलिसांचे आहे. कायदा आवश्यक आहे, दुकाने कमी झाली तर पिणेही कमी होते. पण एकटा कायदा पुरत नाही, हे महाराष्ट्राने चांगलेच अनुभवले आहे. आपल्या राज्यात सौम्य बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. महाविद्यालयाच्या परिसरात ती किती पाळली जाते, हे तुम्हाला सांगायला नको. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी टपऱ्यांवरून तो हद्दपार झालेला नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली, आणि तिथेही २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा गावोगावी जनजागृती, संघटन आणि उपचार करणारा कार्यक्रम सुरू करावा लागला. स्वतः अमली पदार्थविरोधी कायदाही शिक्षेपलीकडचा विचार करतो. थोड्या प्रमाणात बाळगणारी किंवा सेवन करणारी व्यसनी व्यक्ती स्वखुशीने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणार असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम त्यात आहे. तिथवर विद्यार्थ्याचा हात धरून नेणारे कुणी महाविद्यालयात नसेल, तर ते कलम कागदावरच राहते.

दुसरा आक्षेप असा की, विद्यार्थी सज्ञान आहेत, त्यांच्या खासगी आयुष्यात संस्थेने डोकावू नये, ही जबाबदारी घराची आहे. स्वातंत्र्याचा हा आग्रह मला मान्य आहे, आणि म्हणूनच समुपदेशन ऐच्छिक आणि गोपनीय असले पाहिजे. पण घरापासून दोनशे किलोमीटरवर राहणाऱ्या मुलाचे काय चालले आहे, हे आईवडिलांना शेवटी कळते. आणि व्यसन हे स्वातंत्र्याचे टोक नव्हे, ते स्वातंत्र्य गमावणे आहे. तिसरा आक्षेप उघडपणे बोलला जात नाही, तरी तो बळकट आहे. समुपदेशक नेमला की कॉलेजात व्यसने आहेत अशी बोलवा होईल, ही भीती. रॅगिंगबाबतही हीच भीती होती. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी समित्या सक्तीच्या केल्या, सगळ्यांनाच त्या नेमाव्या लागल्या, आणि त्या असणे हा कलंक राहिला नाही. सर्वांना सारखा नियम लागू झाला की बदनामी उरत नाही.

चौथा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. प्राध्यापकांच्या जागा रिक्त आहेत, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना वेळेवर मानधन मिळत नाही, प्रयोगशाळेत साहित्य नाही, आणि अशा वेळी समुपदेशकासाठी पैसा मागायचा? ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच हा निधी शिक्षणाच्या तुटपुंज्या तरतुदीतून कापून घेऊ नये, उत्पादन शुल्कातून वेगळा यावा. शिवाय अध्यापन आणि व्यसनप्रतिबंध यांत निवड करण्याचा प्रश्नच नाही. वर्गात न येणाऱ्या विद्यार्थ्यावर केलेला अध्यापनाचा खर्च वाया जातोच. पैसा पुन्हा फलकांवर उडू नये, यासाठी मात्र तीन अटी हव्यात. निधीचा मोठा वाटा माणसांच्या पगारावर आणि प्रशिक्षणावर खर्च व्हावा. समुपदेशकाकडे आलेली माहिती प्राचार्यांपर्यंतही जाऊ नये. आणि दरवर्षी नाव न विचारता विद्यार्थ्यांची पाहणी व्हावी, तिचे निष्कर्ष जाहीर व्हावेत. जागतिक आरोग्य संघटनेची दारूसंबंधीची दहा प्रश्नांची प्रश्नावली त्यासाठी तयारच आहे. आकडे सुधारले नाहीत तर पद्धत बदलावी, तरतूद बंद करू नये.

स्नातकहो, हे सगळे तुम्हाला सांगण्याचे कारण आहे. आजपासून तुम्ही या विद्यापीठाचे फक्त माजी विद्यार्थी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात, आणि विद्यापीठाचा वार्षिक अर्थसंकल्प त्या अधिसभेपुढे येतो. पदवीधर म्हणून नाव नोंदवा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा की, व्यसनप्रतिबंधासाठी अर्थसंकल्पात किती रुपये आहेत आणि ते कुणाच्या पगारावर खर्च होतात. हाच प्रश्न आपल्या आमदारांना उत्पादन शुल्काबद्दल विचारा. तोवर एखादा मित्र किंवा मैत्रीण अडचणीत दिसली तर तिला टाळू नका. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तेवढे क्रमांक तरी तिच्या हाती द्या. तुमच्यामागून याच वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींना तुमच्यासारखीच पदवी मिळायला हवी. त्यासाठी अंदाजपत्रकातली एक ओळ मागून घेणे, हे तुमचे पदवीधर म्हणून पहिले सार्वजनिक काम ठरो.