फायबरवरचा रंग का सुटतो?

तुळजापुरात नवरात्रासाठी आम्ही फायबरचा सिंह रंगवला होता. दसऱ्याच्या आतच त्याच्या पाठीवरचे पापुद्रे निघाले. सांगायला लाज वाटते, पण चूक माझीच. वस्तू सुटावी म्हणून साच्याला मेण लावतात. ते वस्तूच्या अंगावर राहतं. मी तसाच पॉलिश पेपर मारला आणि मेण ओरखड्यांत मुरलं.

आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, मग थिनरच्या फडक्यानं पुसा; फडकं बदलत राहा. पाणी शिंपडा. थेंब गोळा झाले तर मेण अजून आहे. सलग पसरलं, तरच 220 नंबरचा वॉटर पेपर, तोही ओला. काचेची ती धूळ अंगाला खाजते, छातीतही जाते, मास्क हवाच. छिद्रं पुट्टीनं भरा, घासा, मग इपॉक्सी प्रायमर. आपल्याकडच्या उन्हात तापलेल्या फायबरला मात्र ब्रश लावू नका. सकाळी, सावलीत रंगवा.