राज्यशास्त्र शिकवावयाचे कशासाठी?



महाविद्यालयातील राज्यशास्त्र विभागाचा हेतू काय असावा, या विषयावर मला बोलावयास उभे करण्यात संयोजकांनी धाडसच केले आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या दारांवर, कामगार न्यायालयाच्या बाकांवर आणि रात्री मुकुंदवाडीतल्या खोलीत कायद्याची पुस्तके उलटताना. तेव्हा प्राध्यापक मंडळींनी माझे बोलणे शेजाऱ्याचे बोलणे म्हणून ऐकावे.

अशा विभागांची माहितीपत्रके मी वाचली आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी हा एक हेतू त्यांत असतोच. त्याला मी हसणार नाही. शेतमजुराचा मुलगा तहसीलदार झाला तर मला आनंदच आहे. दुसरा हेतू असतो जबाबदार नागरिक घडविण्याचा. हा शब्द मात्र मला खटकतो. कारखान्यातही व्यवस्थापनाला जबाबदार कामगार हवा असतो, आणि त्याचा अर्थ बहुधा न विचारणारा कामगार एवढाच असतो!

आता आपल्याच शहराकडे पाहा. महानगरपालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली. 1992 सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने 243-यू हे कलम आले. नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असे ते कलम सांगते. प्रत्यक्षात काय झाले? आधी कोरोना आला, मग प्रभागरचना, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, मग न्यायालयातील तारखा. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आदेश दिला, आणि अखेर मतदान झाले ते 15 जानेवारी 2026 रोजी. म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक काळ या शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. अनेक दिवसांआड येणारे नळाचे पाणी त्यातही आले नाही, तर मुकुंदवाडीच्या बाईने गाऱ्हाणे कोणाच्या दारी न्यावयाचे? प्रशासक चांगला की वाईट, हा माझा मुद्दाच नव्हे. उत्तम अधिकारीदेखील आपल्या मताने येत नाही आणि आपल्या मताने जात नाही, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

2020 साली बी.ए.च्या पहिल्या वर्गात बसलेला विद्यार्थी 2023 साली राज्यशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. या तीन वर्षांत त्याच्या शहरात एकही नगरसेवक नव्हता. ‘मुदत पाच वर्षे’ असे उत्तरपत्रिकेत लिहून त्याने गुणही मिळविले असतील. पण पुस्तकातले ते वाक्य आणि खिडकीबाहेरचे शहर यांचा मेळ बसत नाही, हे त्याच्या ध्यानात आले का? आले असल्यास त्याने कोणाला पत्र लिहिले? माझ्या मते विभागाची खरी परीक्षा इथे आहे.

हे शहर या बाबतीत भाग्यवान आहे. राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली येथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत त्यांनी इशारा दिला होता की, राजकारणात आपण समता मिळविली, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता तशीच राहिली, तर हा विरोध लोकशाहीला घातक होईल. घटना हातात आल्यावर ती वापरावयास शिकलेली माणसेही हवीत. मराठवाड्याच्या मागासलेल्या भागात महाविद्यालय काढण्याचे मर्म मी असे समजतो.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगण्यास मला फारशी हौस नाही. काही वर्षांपूर्वी राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी कामगार संघटनांवर टिपण करण्यासाठी आमच्या कचेरीत आली. मी तासभर लोकशाहीवर बोललो, चहाही पाजला. तिने सारे उतरून घेतले आणि वहीवरून मान वर करून विचारले, “काका, तुमच्या संघटनेची निवडणूक केव्हा झाली होती?”

मी रागावलो. संपाचा काळ होता, माणसे पांगली होती, अशी कारणे दिली. महापालिकेच्या वेळी सरकारने दिली तशीच ती कारणे होती, हे मला आज कळते. पोरगी काही बोलली नाही. ती गेल्यावर मी कपाटातून आमची नियमावली काढली. 1926 च्या कामगार संघटना कायद्याप्रमाणे नोंदणीसाठी नियमावलीत पदाधिकारी नेमण्याची आणि काढण्याची रीत द्यावीच लागे, सभासदाला हिशेब पाहू देण्याची सोयही लागे. तो कायदा आता नव्या संहितेत गेला. पण रीत आमच्या नियमावलीत छापलेली होती, आणि ती मीच पाळली नव्हती. मालकाला कायद्याची कलमे तोंडपाठ म्हणून दाखविणारा मी!

विभागांना माझे सांगणे आहे की, मुलांना महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला बसवा, अंदाजपत्रक उघडून पाण्याच्या पैशाचा माग काढू द्या, आमच्यासारख्या संघटनांच्या, सहकारी पतपेढ्यांच्या, पक्षांच्याही कचेऱ्यांत तो प्रश्न घेऊन पाठवा. चहा मिळेल, कुठे दार लावूनही घेतील. प्राध्यापकांनी अशा वेळी मुलांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे; कारण तक्रार प्राचार्यांकडे येणार, हे मी ओळखून आहे. मलाही त्या दिवशी तसा फोन करावासा वाटला होता.

आम्ही त्याच वर्षी निवडणूक घेतली. मी निवडून आलो, पण खजिनदार बदलला, आणि नव्या खजिनदाराने पहिल्याच बैठकीत माझ्याकडे प्रवासखर्चाच्या पावत्या मागितल्या.